आजारी माणसाचा राजीनामा

सुमारे ३० वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या आळीत एक गृहस्थ राहत असत. एका सरकारी कचेरीत १९ वर्षे इमानेइतबारे चाकरी करून ते अव्वल कारकुनाच्या जागेपर्यंत पोहोचले होते. एका पावसाळी सकाळी ते अंथरुणातून उठले तेव्हा त्यांचे उजवे अंग लुळे पडलेले होते आणि वाचाही अडखळत होती. पुढील आठ महिन्यांत घरातील होते नव्हते ते औषधपाण्यात गेले, शिल्लक रजा संपली आणि पगार बंद झाला. तेव्हा कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने, मनात कसलेही पाप नसताना, निव्वळ कणवेपोटी असा सल्ला दिला की आता राजीनामा द्यावा, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची रक्कम तरी लवकर हाती पडेल. मसुदा त्या सहकाऱ्यानेच केला, तो त्यांच्या पत्नीने शुद्ध अक्षरात उतरवून काढला, आणि उजवा हात निकामी असल्यामुळे खाली डाव्या हाताचा अंगठा उमटविण्यात आला. पंधरवड्याच्या आत राजीनामा मंजूर झाला.

त्या एका अंगठ्याने १९ वर्षांची सेवा पुसली गेली. राजीनामा दिलेल्या नोकराची पूर्वसेवा निवृत्तिवेतनाच्या प्रयोजनार्थ जप्त होते, हा नियम केंद्राच्याही नियमावलीत आहे आणि महाराष्ट्राच्याही. पूर्वसेवा गेली म्हणजे निवृत्तिवेतन गेले, उपदान गेले, आणि पुढे ते गृहस्थ वारले तेव्हा त्यांच्या पत्नीला मिळू शकले असते ते कुटुंब निवृत्तिवेतनही गेले. त्याच दिवशी त्याच कचेरीत, त्याच कोऱ्या कागदावर, राजीनाम्याऐवजी ‘मला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावे आणि मी सेवेस कायमचा असमर्थ ठरल्यास रुग्णता निवृत्तिवेतन मंजूर करावे’ असा अर्ज लिहिला गेला असता, तर त्या घराचा पुढील सारा इतिहास निराळा झाला असता. त्या बाईंनी पुढे २२ वर्षे लोकांचे कपडे शिवून दिवस काढले. मी हे जवळून पाहिले आहे, आणि हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

‘राजीनामा’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. राजी असल्याचे, म्हणजे संमतीचे, पत्र तो राजीनामा. आता ज्याची वाचा गेली आहे, ज्याच्या घरी सावकार आणि औषधवाला एकाच वेळी दारात उभे आहेत आणि ज्याला आपल्या हक्काचे नावदेखील ठाऊक नाही, त्याची संमती ती कितपत संमती, हा प्रश्न कचेरीतील कोणाही अधिकाऱ्याला तो कागद हाती घेताना पडावयास हवा. तो बहुधा पडत नाही. आणि याचे कारण दुष्टावा हे नसून अज्ञान हे आहे, असा माझा अनुभव आहे.

वास्तविक पाहता निवृत्तिवेतनाची कल्पना वार्धक्यापेक्षा अपंगत्वाशीच अधिक जुने नाते सांगते. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलांच्या पालनपोषणासाठी मराठेशाहीत ‘बालपरवेशी’ दिली जात असे, हे पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, मीर जाफरने क्लाइव्हच्या नावे ठेवलेल्या ५ लाख रुपयांच्या रकमेतून १७७० साली जो निधी उभा राहिला, तो कंपनीच्या पंगू झालेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठीच होता. वय झाले म्हणून घरी बसविलेल्या माणसाला दरमहा काही द्यावे, ही कल्पना मागाहून रूढ झाली. चाकरी करता करता ज्याचे शरीर खचले त्याला वाऱ्यावर सोडू नये, ही कल्पना तिच्याही आधीची. म्हणून रुग्णता निवृत्तिवेतन मागणारा माणूस काही खास सवलत मागत आहे, असे कोणी समजू नये.

अर्थात या देणगीचे हक्कात रूपांतर होण्यास फार काळ जावा लागला. निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून ती नोकराची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली बिहार राज्याविरुद्धच्या एका खटल्यात सांगितले. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नाकारा खटल्यात याच तत्त्वाचा अधिक विस्तृत उद्घोष केला, आणि तेव्हापासून १७ डिसेंबर हा दिवस देशभरातील निवृत्तिवेतनधारक आपला दिवस म्हणून पाळतात. परंतु मालमत्ता म्हटली की ती हातची जाण्याचे मार्गही असतात. आणि आजारी माणसाच्या बाबतीत असा मुख्य मार्ग म्हणजे घाईघाईने लिहिलेला राजीनामा.

दुसरा मार्ग गैरहजेरीचा. मनुष्य आजारी पडतो, महिनोन्‌महिने कामावर रुजू होत नाही, आणि रजेचा अर्ज करण्याचे भान त्याला किंवा घरच्यांना राहत नाही. हजेरीपटावर नुसती रिकामी घरे राहतात, आणि पुढे दहा-वीस वर्षांनी निवृत्तिवेतनाचे कागद तयार होऊ लागले की त्याच रिकाम्या घरांतून ‘सेवेतील खंड’ नावाचे संकट डोके वर काढते. येथे नियम वाटतो त्यापेक्षा उदार आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पगारी रजेचा काळ तर अर्हताकारी सेवेत धरला जातोच. पण सर्व रजा संपल्यानंतरची जी बिनपगारी असाधारण रजा, तीही वैद्यकीय दाखल्यावर मंजूर झालेली असेल तर केंद्राच्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाते. दाखला नसलेली असाधारण रजा मात्र सामान्यतः मोजली जात नाही. म्हणजे त्या काळात पगार बुडतो, पण एका चिठोऱ्याच्या बळावर सेवा तेवढी शाबूत राहते. पूर्वी रजेवाचून झालेली गैरहजेरीदेखील सक्षम अधिकाऱ्याला मागाहून असाधारण रजेत परिवर्तित करता येते. म्हणून डॉक्टरांचा प्रत्येक दाखला सांभाळून ठेवावा, अर्जाची पोच घ्यावी, आणि ती रजा कोणत्या कारणास्तव मंजूर झाली याची नोंद सेवापुस्तकात पडली आहे किंवा नाही, हे घरच्या कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. सेवापुस्तक पाहण्याचा अधिकार नोकराला आहे. ते कोणी उपकार म्हणून दाखवीत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. रुग्णता निवृत्तिवेतनाचा मूळ सांगाडा साधा आहे. शारीरिक अगर मानसिक व्याधीमुळे आपण सेवेस कायमचे असमर्थ झालो आहोत असे वाटणाऱ्या नोकराने कार्यालयप्रमुखाकडे अर्ज करावयाचा, कार्यालयाने त्याला सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे पाठवावयाचे, आणि तेथून असमर्थतेचे प्रमाणपत्र आले की त्याला निवृत्त करून निवृत्तिवेतन द्यावयाचे. येथे खाजगी डॉक्टरचे पत्र पुरेसे होत नाही. आणि प्रमाणपत्र येण्यापूर्वीच नोकरी सोडून बसणे हे तर सर्वस्वी आत्मघातकी होय. पूर्वी यात एक क्रूर फट होती. ज्याची सेवा १० वर्षांहून कमी, त्याला दरमहाचे निवृत्तिवेतन न मिळता केवळ एकरकमी उपदान देऊन वाटेस लावले जाई. म्हणजे जो तरुण वयात अपंग झाला, ज्याच्यापुढे सर्वांत मोठे आयुष्य उरले, त्याच्याच पदरी सर्वांत कमी पडे. ४ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ही फट आपल्या नोकरांपुरती बुजविली. नेमणुकीच्या वेळी किंवा नंतर वैद्यकीय तपासणीत योग्य ठरलेला नोकर १० वर्षे पुरी होण्यापूर्वी असमर्थ झाला, तरी आता त्याला रुग्णता निवृत्तिवेतन मिळू शकते. ही दुरुस्ती न्याय्य आहे, आणि ती फार उशिरा आली, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर नेमणूक झालेल्या नोकरांची अवस्था याहून बिकट होती. त्यांना अंशदानाची नवी योजना लागू झाल्यामुळे, अर्ध्या वाटेत अपंगत्व आलेल्या माणसाच्या खात्यात जी काही पुंजी जमली असेल तीच त्याची शिदोरी, असा प्रकार होता. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी मोठा संप केला. त्यानंतर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने या नोकरांनाही रुग्णता निवृत्तिवेतन, आणि सेवेत असता मृत्यू आल्यास कुटुंब निवृत्तिवेतन, यांची तजवीज झाली. खेडोपाडीच्या शाळांतून आणि कचेऱ्यांतून हे वर्तमान अद्याप सर्वांपर्यंत पोहोचलेले नाही.

परंतु रुग्णता निवृत्तिवेतन हादेखील शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या ४७ व्या कलमाने, आणि आता १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २० व्या कलमाने, सरकारी आस्थापनांवर असे बंधन घातले आहे की सेवेत असता ज्याला अपंगत्व आले त्याला कमी करता येणार नाही, त्याचा दर्जा उतरविता येणार नाही. तो आपल्या जागेवरचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसरी जागा द्यावी लागेल, आणि तशी जागाच नसेल तर ती मिळेपर्यंत अथवा त्याचे निवृत्तीचे वय होईपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येईल. अधिसंख्य पद म्हणजे त्या माणसासाठीच निर्माण केलेले जादा पद. याचा अर्थ असा की पगार चालू राहतो, वेतनवाढी चालू राहतात, आणि निवृत्तिवेतनासाठी सेवेची वर्षेही पूर्ववत जमत राहतात.

हे कलम कागदावरून माणसाच्या आयुष्यात कसे उतरते, ते पंजाब राज्य वीज मंडळातील एका साहाय्यक लाइनमनच्या खटल्यावरून कळते. १९९४ साली या माणसाची दृष्टी पूर्णपणे गेली. आंधळा मनुष्य खांबावर कसा चढणार? त्याला वाटले की आपली नोकरी संपली. म्हणून १९९६ साली त्याने स्वतःच पत्र लिहिले की मला निवृत्त करा आणि माझ्या जागी माझ्या पत्नीला काही काम द्या. मंडळाने पत्राचा पहिला भाग तेवढा मान्य केला. तो न्यायालयात गेला तेव्हा मंडळाचा बचाव एवढाच होता की त्याने स्वेच्छेने निवृत्ती मागितली. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. तो माणूस आपल्या हक्काविषयी अनभिज्ञ होता. कायद्याने त्याची नोकरी सुरक्षित आहे हे त्याला सांगणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते. ते न करता त्याच्या अज्ञानातून आलेल्या विनंतीचा आधार घेणे त्यांना शोभत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालयाने त्याची नोकरी अखंड चालू असल्याचे मानावयास लावले. तत्पूर्वी २००३ साली, पाय कापावा लागलेल्या एका शिपायाच्या खटल्यात, रुग्णता निवृत्तिवेतन दिले एवढ्याने नोकरीचे संरक्षण नाकारता येत नाही, असेही याच न्यायालयाने ठरविले होते. २०१५ साली केंद्राने आपल्या खात्यांना सूचना दिल्या, की वैद्यकीय कारणास्तव कोणी निवृत्ती मागितली, तर हे संरक्षण त्याला लागू होते का हे आधी तपासावे, आणि होत असल्यास त्याच पगारावर सेवेत राहण्याचा पर्याय त्याला सांगावा.

आमच्या आळीतील त्या कारकुनाला कोणी हे सांगितले नाही.

कारखान्यातील व खाजगी पेढ्यांतील कामगारांविषयीही दोन शब्द. १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सामान्य निवृत्तिवेतनास १० वर्षांची सेवा लागते. परंतु नोकरीत असता कायमचे व संपूर्ण अपंगत्व आले, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. हे बहुतेक कामगारांना ठाऊक नसते, आणि ते फंडाबरोबर निवृत्तिवेतनाचीही रक्कम काढून घेऊन मोकळे होतात. ज्याचे अपंगत्व संपूर्ण नाही आणि जो बरा होऊन पुन्हा कामावर जाण्याची आशा बाळगतो, त्याने रक्कम न काढता योजना प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे आधीची वर्षे पुढच्या नोकरीत मिळविली जातात. या योजनेत १ सप्टेंबर २०१४ पासून ठरलेले दरमहा १,००० रुपयांचे किमान निवृत्तिवेतन अपंग माणसाच्या औषधालाही पुरत नाही, आणि ते इतकी वर्षे तेवढेच ठेवणे हे कोणत्याही शासनाला भूषणावह नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट, कारण आजारापाठोपाठ कर्ज येतेच. १८७१ च्या पेन्शन कायद्याने सरकारी निवृत्तिवेतन धनकोच्या जप्तीपासून मुक्त ठेवले आहे. सावकार काहीही धमकी देवो, त्या पैशावर त्याला हात टाकता येत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अथवा शेजारी आज असा एखादा नोकर अंथरुणाला खिळला असेल, त्यांना माझी विनंती आहे की त्याच्या उशाशी राजीनाम्याचा मसुदा पडलेला दिसला तर तो पाठवू देऊ नका. आधी रजेचा अर्ज वैद्यकीय दाखल्यासह द्या. मग दुसऱ्या जागेवर अथवा अधिसंख्य पदावर ठेवण्याची मागणी २० व्या कलमाचा उल्लेख करून लेखी करा. आणि तेही अशक्य असेल तर वैद्यकीय मंडळाकडे पाठविण्याची विनंती करा. हे तिन्ही अर्ज एकेका पानाचे आहेत. त्यांतील कोणताही लिहून हवा असेल, तर तालुक्याच्या गावातील निवृत्तिवेतनधारकांच्या संघटनेत जा. आयुष्यभर सरकारी मसुदे लिहिलेली माणसे तेथे भेटतील.