श्वासाची शिल्लक

स्कॉटलंडचा बॅगपाइपवादक जॉन डी. बर्जेस मी प्रथम ऐकला तो निवृत्तीनंतर. या पठ्ठ्याने १९५० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ओबन आणि इन्व्हर्नेस या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके पटकावली होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमुळे हे वाद्य आपल्याला अगदीच परके नाही. पण त्यातली अडचण मला ठाऊक नव्हती. सूर अवघे नऊ. आवाज लहानमोठा करता येत नाही, मध्ये थांबताही येत नाही. मग एकच सूर लागोपाठ दोनदा वाजवायचा कसा? मध्ये निमिषभराचा कणस्वर घालून! बर्जेसची सारी कमाई त्या बोटांत होती. आधारसुराला खांद्यावरच्या तीन नळ्या, आणि दम काखेतल्या पिशवीत साठवलेला. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, शिल्लक!

ऐकता ऐकता मला आंजी (मोठी)चा सनईवाला आठवला. लग्नात तो वाजवी, शेजारी मुलगा सूर धरी. त्याच्यापाशी पिशवी कुठली? गालांतली हवा सनईत सोडता सोडताच तो नाकाने श्वास घेई. सूर तुटत नसे.

नव्या सनईसाठी त्याने कर्ज मागितले. अधिकारी मी. ‘उत्पन्नाचा दाखला नाही’ असे लिहून अर्ज परत केला.

‘‘बरं सायेब,’’ एवढेच तो म्हणाला.

बर्जेस २००५ साली वारला. त्याच्या ध्वनिमुद्रिका उरल्या आहेत. आंजीच्या त्या कलावंताच्या नावाचा मला माहीत असलेला कागद एकच, आणि त्यावर सही माझी आहे.