तिकीट कोणाला? अमेरिकेत ठरवतात मतदार

चहा झाला असेल, भाकऱ्या उरकल्या असतील, तर पंधरा मिनिटं माझ्यासोबत बसा. आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, थेट अमेरिकेला. पण विषय आपल्या ओळखीचा आहे: निवडणुकीला कोणी उभं राहायचं हे कोण ठरवतं, आणि पाच-दहा जण इच्छुक असले तर आपण कोणाच्या पाठीशी उभं राहायचं.

आधी एक घोटाळा दूर करते. अमेरिकेच्या बातम्यांत 'काँग्रेस' हा शब्द येतो तो आपल्याकडच्या पक्षाबद्दल नसतो. तिथे संसदेलाच काँग्रेस म्हणतात. आपली जशी लोकसभा, तसं त्यांचं प्रतिनिधिगृह. त्यात ४३५ जागा आहेत. एका मतदारसंघात साधारण साडेसात लाख लोकसंख्या, आणि खासदाराची मुदत फक्त दोन वर्षं. पक्ष मुख्य दोनच, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन.

आता आपल्याकडे काय होतं ते आठवा. जिल्हा परिषद असो की विधानसभा, इच्छुक मंडळी नेत्यांच्या बंगल्यावर चकरा मारतात. शेवटच्या दिवसापर्यंत ए-बी फॉर्म कोणाच्या हातात पडेल याचा पत्ता नसतो. तुम्हा-आम्हाला नाव कळतं ते सगळं ठरल्यावर. अमेरिकेतही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असंच होतं, पक्षाचे पुढारी बंद खोलीत नावं ठरवायचे. त्याला कंटाळून विस्कॉन्सिन राज्याने १९०४ साली कायदा केला की उमेदवार मतदारच निवडतील. हळूहळू इतर राज्यांनीही ती पद्धत घेतली. या आधीच्या निवडणुकीला 'प्रायमरी' म्हणतात. आपण तिला पहिली फेरी म्हणू. एकाच पक्षाचे इच्छुक आपसात लढतात, लोक मत देतात, जो जिंकेल त्याला पक्षाचं तिकीट. मग नोव्हेंबरमध्ये दोन पक्षांचे उमेदवार समोरासमोर.

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी त्या पक्षाचे मतदार म्हणून आधीच नोंद केली आहे, त्यांनाच त्या पक्षाच्या पहिल्या फेरीत मत देता येतं. मिशिगन राज्यात तशी नोंद लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, मतदाराने एकच रकाना धरायचा. दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षांची ती मतं बाद.

एका मराठी माणसाची लढत

मिशिगनचं नाव घेतलं त्याला कारण आहे. तिथल्या डेट्रॉइट शहराचा बराचसा भाग ज्या १३व्या मतदारसंघात येतो, तिथले खासदार श्री ठाणेदार आपल्या बेळगावकडचे. घरच्या हलाखीत शिकले, १९७९ साली अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, उद्योग उभारला. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्यापैकी काहींनी वाचलंही असेल.

२०२२ साली या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या पहिल्या फेरीत नऊ जण उभे होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं पडली. दुसरे आलेले अॅडम होलियर यांना साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या ७२ जणांनी ठाणेदारांना मत दिलं नव्हतं, तरी तिकीट त्यांना मिळालं, कारण ती ७२ मतं आठ जणांत वाटली गेली. टेक्सास, जॉर्जिया अशा राज्यांत निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. मिशिगनमध्ये तसं नाही. जो पुढे, तो जिंकला.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा. ठाणेदारांना मिळालेली मतं होती साधारण २२ हजार. मतदारसंघ साडेसात लाखांचा! आणि तो इतका पक्का डेमोक्रॅटिक आहे की पहिल्या फेरीत जो जिंकला, तो नोव्हेंबरमध्ये जिंकणार हे जवळजवळ ठरलेलंच. खरी निवडणूक ऑगस्टच्या २ तारखेला होऊन गेली होती. जे नोव्हेंबरची वाट बघत घरी बसले, त्यांच्यासाठी निवडायला फारसं काही उरलंच नाही.

आता यातली अवघड बाजू. डेट्रॉइट शहरात चारातले तीन जण कृष्णवर्णीय आहेत. १९५५ सालापासून या शहरातून एक तरी कृष्णवर्णीय खासदार कायम होता. गुलामगिरी आणि भेदभाव सोसलेल्या समाजासाठी ही साधी गोष्ट नव्हे. उभ्या असलेल्या नऊ जणांपैकी बहुतेक कृष्णवर्णीय होते. मतं फुटतील हे तिथल्या पुढाऱ्यांना दिसत होतं. त्यांच्या एका समितीने एकच नाव पुढे करायचं ठरवलं आणि होलियर यांना पाठिंबा दिला. पण बाकीचे काही मागे हटले नाहीत. निकाल लागला आणि जवळजवळ सत्तर वर्षांची ती परंपरा तुटली.

आपल्याला बेळगावचा माणूस खासदार झाल्याचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावा. पण डेट्रॉइटमधल्या एखाद्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तिला वाटलं असेल, माझ्या माणसांचं दुःख माझ्यातलाच कोणी मांडेल. आणि तिच्याच शेजारणीला वाटलं असेल, गरिबी सोसून वर आलेल्या माणसाला आमची गरिबी कळेल. दोघींचंही म्हणणं पोकळ नाही. पुढे २०२४ साली ठाणेदार पुन्हा पहिल्या फेरीत उतरले आणि निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकले. तेव्हा होलियर यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. उमेदवारीसाठी मतदारसंघातल्या हजार मतदारांच्या सह्या लागतात आणि त्यांच्या वैध सह्या तेवढ्या भरल्या नाहीत. एवढा मोठा उमेदवार, अडला कागदावर! आपल्याकडे अर्जाच्या छाननीत काय काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मग तिथले मतदार ठरवतात कसं?

एकाच पक्षाचे सगळे असल्यामुळे चिन्ह बघून मत देण्याची सोय पहिल्या फेरीत नसते. माणूस बघावा लागतो. मला त्यातून चार प्रश्न दिसतात, आणि ते आपल्याही उपयोगाचे आहेत.

पहिला, आजवर काय केलं? तिथे संसदेत कोणत्या खासदाराने कोणत्या कायद्याला कसं मत दिलं याची नोंद सगळ्यांना बघता येते. आपल्याकडे सदस्य राहिलेल्या बाईंनी मासिक सभेत कोणता विषय मांडला, हे इतिवृत्तात सापडतं. भाषण ऐकण्याआधी ते वाचा.

दुसरा, माणूस भेटतो का? २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ नावाची २८ वर्षांची मुलगी पहिल्या फेरीत उभी राहिली. त्याआधी ती हॉटेलात काम करायची. समोर जो क्राउली, जवळजवळ वीस वर्षं खासदार, पक्षातले वजनदार नेते. तिच्याकडे पैसा त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी. पण ती दारोदार फिरली. एका जाहीर चर्चेला क्राउली स्वतः आले नाहीत, आपल्या वतीने दुसऱ्याच बाईंना पाठवलं. लोकांनी ते लक्षात ठेवलं. मतदान झालं सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास, आणि ती ५७ टक्के मतं घेऊन जिंकली.

तिसरा, पैसा कोणाचा? तिथे २०० डॉलरपेक्षा जास्त देणगी दिली की देणाऱ्याचं नाव जाहीर होतं. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर घातले, तर होलियर यांच्यासाठी बाहेरच्या गटांनी लाखो डॉलर खर्च केले. स्वतःचा पैसा असला तर माणूस कोणाचा मिंधा नसतो असं काही म्हणतात, काही म्हणतात की मग फक्त श्रीमंतांनीच उभं राहायचं का? प्रश्न दोन्हीकडून विचारायचा. आणि पैशाने सगळंच होतं असंही नाही. याच ठाणेदारांनी २०१८ साली राज्यपालपदासाठी कोटभर डॉलर घातले होते आणि ते तिसरे आले होते. आपल्याकडे उमेदवाराचं मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र असतं. ते बघणं हा आपला हक्क आहे.

चौथा, माझ्या मताने कोण जिंकेल? मनापासून आवडणारी बाई पाचव्या क्रमांकावर असेल आणि नको असलेला पहिल्यावर, तर विचार करावा लागतो. पण हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधीच विचारला तर नवीन बाईला कधीच कोणी मत देणार नाही.

आणि 'आपला माणूस'? तोही प्रश्न आहेच. पण आपला कशाने, आडनावाने, भाषेने, की आपल्या वस्तीतल्या नळाला पाणी आणण्यासाठी भांडतो म्हणून, एवढं स्वतःशी स्पष्ट करून घ्यावं.

आपली पहिली फेरी

आपल्याकडेही एकदा असा प्रयोग झाला होता. २०१४च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेस पक्षाने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत अशी निवड करून पाहिली, त्यात आपल्याकडचे वर्धा आणि लातूर होते. मत मात्र पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना होतं, सर्वसाधारण मतदाराला नाही. त्या दोन्ही जागा पुढे पक्ष हरला आणि ही पद्धत रुजली नाही.

पण मैत्रिणींनो, ग्रामपंचायतीचा विचार करा. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं. निम्म्या जागा बायकांच्या. वॉर्डातून कोणती बाई उभी राहणार, हे ठरतं कुठे? बहुतेक वेळा चावडीवर, पारावर, पुरुषांच्या बैठकीत. नाव बाईचं, निर्णय दिराचा, सासऱ्याचा, नवऱ्याचा. आपण मतदानाच्या दिवशी रांगेत उभ्या राहतो तेव्हा आपलं डेट्रॉइटसारखं झालेलं असतं, खरी निवड होऊन गेलेली असते.

म्हणून आरक्षणाची सोडत निघाली की अर्ज भरायच्या आधी वॉर्डातल्या बायकांनी एकत्र बसावं. ज्या ज्या इच्छुक आहेत त्यांना बोलवावं आणि हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर बाईनेच द्यायचं, नवऱ्याने नाही. एकाच आळीतल्या तिघी उभ्या राहणार असतील तर मतं फुटतील हे तोंडावर बोलावं. कोणी थांबायचं, कोणाला पुढे करायचं, हे त्यांनी आपसात ठरवावं. कोणाला जबरदस्तीने बसवू नये.

एक गोष्ट मात्र समन्वयक म्हणून मी ठणकावून सांगते. ही चर्चा बचत गटाच्या बैठकीत मिसळू नका. गटाची वही, गटाचा पैसा आणि कर्ज याचा प्रचाराशी काडीचाही संबंध येता कामा नये. "अमकीला मत दे, नाहीतर पुढचं कर्ज मिळणार नाही" असं कोणी म्हणालं, तर ते खपवून घेऊ नका. गटात सगळ्या विचारांच्या बायका असतात, म्हणूनच तो टिकतो. चर्चा सगळ्यांची, पण मत ज्याचं त्याचं आणि गुपित.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या वॉर्डात मागच्या वेळी उमेदवार बाईचं नाव कोणी सुचवलं, कुठे ठरलं, तिथे किती बायका हजर होत्या, हे चार जणींना विचारून बघा. उत्तरं आम्हाला कळवा. पुढच्या वेळी बोलू अर्ज आणि छाननीबद्दल, म्हणजे कागदावाचून कोणी अडायला नको. येते मी. नमस्कार.