‘हे पुस्तक आत्ता नेऊ नका!’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुस्तकाच्या दुकानात गिऱ्हाईक बहुधा दोनच प्रश्न घेऊन येतं. पहिला, ‘अमुक पुस्तक आहे का?’ आणि दुसरा, ‘काहीतरी चांगलं वाचायला द्या ना.’ पहिल्या प्रश्नासाठी दुकानात पुस्तक असलं की भागतं. दुसऱ्यासाठी दुकानातल्या माणसानं ते वाचलेलं असावं लागतं. साताऱ्यातल्या एका लहानशा दुकानात मी २२ वर्षं काउंटरमागे उभी आहे. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्ही कसं शोधतो, ते आज सांगते.

चांगलं म्हणजे कोणाला चांगलं? म्हणून मी आधी उलट विचारते, ‘शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? आणि अर्धवट सोडलेलं कोणतं?’ सोडलेल्या पुस्तकाचं नाव सांगायला माणसं बिचकतात. नावाजलेलं पुस्तक आपल्याला झेपलं नाही, हे चारचौघांत कसं सांगायचं! पण आम्हाला खरा धागा तिथेच सापडतो. कुणी ‘कोसला’ सोडलं असेल, तर ते कंटाळून सोडलं की वाचताना जीव गुदमरला म्हणून, हे विचारावं लागतं. दोघांना एकच पुस्तक देऊन चालत नाही.

पुढचं काम म्हणजे आवडीचं कारण शोधणं. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ‘मृत्युंजय’ची दोन पारायणं करून आले होते. ‘ताई, असंच आणखी एखादं पौराणिक द्या,’ म्हणाले. त्यात काय आवडलं, असं विचारलं. थोडा विचार करून म्हणाले, ‘प्रत्येक जण आपली बाजू आपल्या तोंडानं सांगतो, ते.’ मी त्यांच्या हातात इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ठेवलं. दोन्ही पुस्तकं १९६७ सालची. तोच कर्ण, तीच कुंती. पण इथे कादंबरीकाराची माया नाही, मानवशास्त्राच्या अभ्यासकाची नजर आहे. आठवड्यानं ते आले ते भांडायलाच. ‘बाईंनी कर्णावर अन्याय केलाय!’ पाऊण तास वाद घातला आणि जाताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊन गेले. तिथेही एक बाई आपली बाजू आपल्याच तोंडानं सांगते, आणि स्वतःवर हसायलाही कचरत नाही.

पुस्तक कुणासाठी आणि कोणत्या वेळी हवंय, हेही पाहावं लागतं. दवाखान्यात न्यायला लोक हटकून पु. ल. मागतात. मी विचारते, ‘ऑपरेशन पोटाचं आहे का?’ ताज्या टाक्यांना पु. ल. सोसत नाहीत! न वाचणाऱ्या मुलाला घेऊन आई येते आणि ‘संस्कार करणारं’ काही मागते. मी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ काढते आणि मुलाच्याच हातात देते. मग आईला दुसऱ्या कपाटाकडे नेते. पहिलं पान मुलानं एकट्यानं वाचायला हवं. मागे कुणी उभं असलं की तो अभ्यास होतो.

कधी कधी नकोही म्हणावं लागतं. एका मुलीनं मैत्रिणीच्या लग्नात द्यायला विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ निवडलं. छोटं पुस्तक, बोटीवरची प्रेमकथा, एवढंच तिनं ऐकलेलं. मी म्हटलं, ‘हे आत्ता नेऊ नका.’ त्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. १९३९ सालची ही कादंबरी वाचणाऱ्याला सुखानं झोपू देत नाही. ती मुलगी त्या दिवशी काहीच न घेता गेली. पण वर्षभरानं स्वतःसाठी ‘रणांगण’ न्यायला आली.

दुकानातल्या माणसाच्या शब्दाला वजन का येतं, हे इंग्लंडमध्ये चांगलं दिसलं. ‘वॉटरस्टोन्स’ या मोठ्या दुकानसाखळीत दर्शनी जागी आपली पुस्तकं मांडावीत, म्हणून प्रकाशक पैसे मोजत. लंडनमध्ये १९९० पासून स्वतःचं स्वतंत्र दुकान चालवणारे जेम्स डॉन्ट २०११ साली तिथे प्रमुख झाले. त्यांनी ते पैसे नाकारले आणि निवड दुकानातल्या माणसांवर सोपवली. न खपता प्रकाशकाकडे परत जाणारी पुस्तकं खूप कमी झाली आणि काही वर्षांत ती साखळी नफ्यात आली. शिफारस विकत घेतलेली नसली, तरच ती लागू पडते.

आता फोनही पुस्तकं सुचवतो. हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं, असं सांगतो. ते पुष्कळदा उपयोगीही पडतं. पण ‘मृत्युंजय’ नेणाऱ्या त्या गृहस्थांना त्यानं बहुधा आणखी पौराणिक कादंबऱ्याच दाखवल्या असत्या. काय नेलं ते त्याला कळतं. का आवडलं, ते त्यानं विचारलेलं नसतं.

काही मंडळी आमच्याशी अर्धा तास बोलतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि पुस्तक घरी जाऊन स्वस्तात मागवतात. पैसे वाचवावेसे कुणाला वाटत नाहीत? पण बोलण्याचं वेगळं बिल आम्ही करत नाही. दुकानाचं भाडं आणि माझा पगार पुस्तकाच्या छापील किमतीतूनच निघतो. मुंबईत टी. एन. शानभागांनी १९४८ साली सुरू केलेलं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ वाचकांनी डोक्यावर घेतलं होतं. पुस्तकविक्रीच्या या कामासाठी २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. तेही दुकान २०१८ साली बंद झालं. वाचकांचं प्रेम होतं, तरीही.

तेव्हा तुमच्या गावात असं एखादं दुकान असेल, तर तिथल्या माणसाला तुम्ही अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं नाव सांगा. त्यानं सुचवलेलं पुस्तक तिथूनच घ्या. आणि नाही आवडलं, तर तेही जाऊन सांगा. पुढचं पुस्तक तुमच्या हाती देताना तुमचं ते भांडण आमच्या फार उपयोगी पडतं.