लेकीकडचे विल्यम्स

डिअरफील्डच्या जुन्या घराण्यांची वंशावळ लावायला बसणाऱ्याला पहिली ठेच तारखेची लागते. गावावर हल्ला झाला तो दिवस इंग्रजी कागदांत २९ फेब्रुवारी १७०३/४ असा जोडसालाने लिहितात, कारण १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. फ्रेंचांच्या हिशेबात तीच पहाट ११ मार्च १७०४ ची. हे ध्यानात ठेवलं नाही तर एखादं मूल आईबापांच्या लग्नाआधीच जन्माला येतं आणि तीनशे वर्षांनी त्या घराण्यावर नसता ठपका बसतो.

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. गाळाची ही सुपीक जमीन पोकमटक लोकांची. बॉस्टनजवळच्या डेडहॅम गावाची काही जमीन ख्रिस्ती झालेल्या मूलनिवाशांच्या नॅटिक वस्तीकडे गेली, तेव्हा भरपाई म्हणून डेडहॅमकरांना इथली ८,००० एकर जमीन देण्यात आली. एका मूलनिवासी वस्तीला दिलेलं दान दुसऱ्या मूलनिवाशांच्या शेतातून वळतं करून घेतलं, असा हा सरळ व्यवहार.

विल्यम्स घराण्याचा अमेरिकेतला मूळपुरुष रॉबर्ट. १६३७ च्या सुमारास तो इंग्लंडातल्या नॉरिचहून रॉक्सबरीला आला. त्याचा नातू जॉन हार्वर्डमधून १६८३ मध्ये पदवी घेऊन डिअरफील्डचा धर्मोपदेशक झाला. बायको युनिस ही प्रसिद्ध मेदर घराण्यातली, म्हणजे दोन्हीकडून प्रतिष्ठा.

हल्ल्याच्या त्या पहाटे कॅनडातून आलेले फ्रेंच सैनिक आणि त्यांचे अबेनाकी, मोहॉक, ह्युरॉन साथीदार कुंपणावरून आत उतरले. सुमारे पन्नास माणसं मारली गेली, ११२ जणांना कैद करून उत्तरेकडे चालवत नेलं. जॉनचं मोल जास्त होतं, कारण इंग्रजांच्या कैदेत असलेला एक फ्रेंच चाचा त्याच्या बदल्यात सोडवता येणार होता. जॉनचा सहा वर्षांचा मुलगा आणि सहा आठवड्यांची मुलगी घराशीच मारली गेली. बाळंतपणातून नुकती उठलेली युनिस दुसऱ्या दिवशी नदी ओलांडताना पडली. तिला चालवेना, म्हणून कुऱ्हाडीने मारलं. घरातले दोन गुलाम, पार्थेना आणि फ्रँक, हेही गेले. पार्थेना मुलांबरोबर घरीच, फ्रँक वाटेत. घराण्याच्या वृक्षात या दोघांना फांदी नाही. असण्याचं कारणच नव्हतं, मालमत्तेची वंशावळ कोण ठेवतो?

१७०६ मध्ये जॉन सुटून आला आणि कैदेची हकीकत लिहून नाव मिळवता झाला. मुलगेही परतले, स्टीफन लाँगमेडोला धर्मोपदेशक झाला. आली नाही ती सात वर्षांची युनिस, आईच्याच नावाची. माँट्रियलजवळच्या कानावाके इथल्या मोहॉक कुटुंबाने तिला पोटाशी घेतलं होतं. मोहॉकांमध्ये मेलेल्या माणसाची घरातली जागा दत्तकाने भरून काढायची रीत होती. तिथे ती कॅथलिक झाली, इंग्रजी विसरली आणि १७१३ मध्ये, सोळाव्या वर्षी, अरोसेन नावाच्या मोहॉक तरुणाशी लग्न करून मोकळी झाली. ऑल्बनीचा जॉन स्कायलर तिची मनधरणी करायला गेला, तर बाई दोनेक तास तोंडच उघडेना. उघडलं ते नकारासाठी. पुढच्या वर्षी बाप स्वतः गेला, तोही हात हलवत आला. १७४० पासून ती चार वेळा भावाकडे माहेरपणाला मात्र आली. बोलायला दुभाषा लागे. राहा म्हणून सगळे विनवत, ती परत जाई. १७८५ मध्ये वारली, तेव्हा नव्वदीला टेकली होती.

आता ही बाई वंशावळीत मांडायची कुठे? डॉ. स्टीफन वेस्ट विल्यम्स यांनी १८४७ मध्ये ग्रीनफील्डला छापलेला या घराण्याचा ग्रंथ रॉबर्टपासून खाली उतरतो. आपल्याकडच्या कुलवृत्तांताप्रमाणेच या परंपरेत वंश मुलग्याकडून चालतो, मुलगी लग्न होऊन ओळीबाहेर जाते. त्या ओळींत मोठी नावं सापडतात. एक विल्यम, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. दुसरा एफ्रेम, १७५५ मध्ये लेक जॉर्जच्या लढाईत पडलेला. त्याच्या मृत्युपत्रातून विल्यम्स कॉलेज उभं राहिलं. त्याच कॉलेजातला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालून १८२६ मध्ये पटकीने मेला. मराठी मुलखाशी हे लांबचं नातं, पण नातं खरं.

कानावाकेत हिशेब उलटा. तिथे मूल आईच्या कुळाचं. त्या नजरेने पाहिलं तर युनिस हीच एका घराची मूळ होती. तिच्या दोन मुलींपासून वंश वाढला आणि पुढच्या पिढ्यांत विल्यम्स हे नाव मोहॉकांमध्ये राहिलं. माझ्या मते घराण्याची सर्वांत जिवंत शाखा हीच. १८३७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाकडचे काही मूलनिवासी स्त्री-पुरुष डिअरफील्डला आले, तेव्हा गावच्या धर्मोपदेशकाने त्यांच्यादेखत प्रवचन केलं. ते छापलं गेलं तेव्हा शीर्षकात हे लोक युनिसचे वंशज ‘मानले जाणारे’ असं जपून लिहिलं होतं.

युनिसचा पणतू एलिझर. त्याला १८०० च्या सुमारास लाँगमेडोच्या नातलगांकडे शिकायला ठेवलं होतं. पुढे तो पाद्री झाला आणि ओनायडा लोकांबरोबर विस्कॉन्सिनला गेला. १८५३ मध्ये एका न्यूयॉर्कच्या मासिकात त्याच्याविषयी खळबळजनक लेख आला: हा मोहॉक नव्हेच, फ्रान्सचा हरवलेला राजपुत्र सतरावा लुई! पुरावा काय, तर कानावाकेच्या बाप्तिस्मा-वहीत त्याच्या भावंडांची नावं होती, त्याचं नव्हतं. नोंद नाही म्हणजे माणूस दुसराच कोणी, हा तर्क हौशी वंशावळकार आजही करतात. २००० साली पॅरिसजवळ सँ-दनीला त्या राजपुत्राचं म्हणून जपून ठेवलेल्या एका बालहृदयाची जनुकीय तपासणी झाली आणि राजपुत्र १७९५ मध्ये कैदेतच मेला, हे पक्कं झालं.

एलिझर १८५८ मध्येच वारला होता. राजपुत्र व्हायचं तर त्याला पणजी नाकारावी लागत होती, आणि त्याच्या वंशावळीत चार पिढ्या कागदोपत्री धरून ठेवणारी तीच एक होती.