पहिलं वॉटर कूलिंग किट घेताय? आधी कॅबिनेट मोजा

रंगीत दिवे पाहून वॉटर कूलिंग घ्यावंसं वाटतं, पण गरज ठरते प्रोसेसरवर. ६५ वॉटच्या रायझन ५ ७६०० ला सोबत मिळणारा कूलरच पुरतो. २५३ वॉटपर्यंत जाणाऱ्या कोअर आय९-१४९००के ला मात्र मोठा रेडिएटर हवाच.

पहिल्यांदा घेत असाल तर ‘ऑल-इन-वन’, म्हणजे एआयओ बरा. पंप, नळ्या, रेडिएटर जोडलेले आणि द्रव भरलेला असतो. सुटे भाग जोडताना तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले, तर ॲल्युमिनियम झिजायला लागतं.

२४० मिलिमीटरच्या एआयओत १२० चे दोन पंखे, ३६० मध्ये तीन. लांबी सगळेच बघतात, घोळ होतो जाडीत. रेडिएटर साधारण २७ आणि पंखा २५, असे ५२ मिलिमीटर कॅबिनेटच्या छताखाली मोकळे हवेत, नाहीतर ते रॅमला अडतं. सॉकेट एएम५ की एलजीए १७००, तेही खोक्यावर तपासा.

बसवताना रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच ठेवा. आतली हवा वर जाते. ती पंपात अडकली की गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर जातो.

आणि हा काही एसी नव्हे. मे महिन्यात खोलीत ३८ अंश असतील, तर प्रोसेसर त्याहून गरमच राहणार.