गोदामांच्या आवारातील वृक्षलागवड : प्रांगण रचनेत वनस्पतिज्ञानाचे महत्त्व

भिवंडी म्हटले की पूर्वी यंत्रमाग डोळ्यांसमोर येत. आता त्यांच्या जोडीला मुंबई-नाशिक महामार्गालगतची गोदामे आली आहेत. भातखाचरात मुरमाचा भराव पडतो, त्यावर काँक्रीट होते आणि उरलेल्या पट्ट्यात झाडे लावली जातात. सावली कोठे हवी, पाणी कोठून काढावे, कोणते झाड कोठे लावावे हे ठरविणाऱ्या शास्त्रास प्रांगण रचनाशास्त्र म्हणतात. या कामात नकाशाइतकेच वनस्पतींचे ज्ञान महत्त्वाचे असते आणि ते शेतकऱ्यांजवळ भरपूर आहे.

काही वर्षांपूर्वी भिवंडी तालुक्यातील एका गोदामाचे आवार पाहण्याचा योग आला. सखल कोपऱ्यात कडुनिंबाची रोपे ओळीने लावली होती. पहिल्याच पावसाळ्यात बहुतेक रोपे मेली. खते व औषधांवर खर्च झाला, पण उपयोग झाला नाही. शेजारच्या बांधावरील एका वयस्क शेतकऱ्याने कारण सांगितले, "साहेब, इथं गणपतीपर्यंत पाणी हटत नाय. हे गरव्या भाताचं खाचर होतं." कडुनिंबास साचलेले पाणी सोसत नाही. पुढे त्याच जागी अर्जुन, करंज व ताम्हण लावले आणि ते जगले. ही माहिती लागवडीपूर्वी विचारली असती तर एक हंगाम वाचला असता.

जातींची निवड

हळव्या भाताची वरकस जागा आणि गरव्या भाताची सखल जागा यांत जसा फरक केला जातो, तसाच झाडांबाबतही करावा.

१) पाणी साचणारी जागा : अर्जुन, कदंब, करंज, ताम्हण.
२) निचऱ्याची, मुरमाड जागा : बहावा, आपटा, कडुनिंब.
३) विजेच्या तारांखाली : कुंती, पारिजातक, जास्वंद यांसारखी बुटकी झाडे व झुडपे.
४) वाहनतळाची सावली : करंज, बकुळ. बकुळ सावकाश वाढते, म्हणून मोठी रोपे लावावीत. कंटेनर गाड्यांची उंची चार मीटरच्या आसपास असते. त्यामुळे खालच्या फांद्या वेळोवेळी छाटाव्यात.

वड, पिंपळ व उंबर भिंतीपासून व नळापासून किमान १० मीटर दूर लावावेत. गुलमोहराची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असल्याने वाहनतळावर तो टाळावा. सुबाभळीचे बी शेजारच्या शेतात पसरते. झटपट वाढणाऱ्या कोनोकार्पसच्या मोहात पडू नये. परागकणांचा त्रास व मुळांनी केबल-नळांना होणारे नुकसान ही कारणे देऊन गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

माती व लागवड

भराव टाकण्यापूर्वी खाचरातील वरची १५ ते २० सें.मी. सुपीक माती काढून बाजूला रचून ठेवावी. दाबलेल्या मुरमात मुळे शिरत नाहीत. म्हणून १ x १ x १ मीटरचा खड्डा घेऊन तळ फोडावा व दोन भाग ठेवलेली माती आणि एक भाग कुजलेले शेणखत यांनी भरावा. मोठ्या झाडांत ८ ते १० मीटर, मध्यम झाडांत ५ ते ६ मीटर अंतर ठेवावे. बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटविना सोडावी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे.

जात व जागा यांची सांगड घातली तर पडीक जमिनीवरही रान उभे राहते. धारावीजवळ मिठी नदीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचराभूमी होते. तेथे १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते लागवडीस आरंभ झाला आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

रोपवाटिका : पूरक व्यवसाय

आंध्र प्रदेशातील कडियमच्या रोपवाटिकांचा माल देशभर जातो. स्थानिक जातींची रोपे मात्र आपल्या बांधावरील बियांपासून येथेच तयार करता येतील. करंज व पळसाचे बी ताजेच पेरावे. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असते. ते वाळूवर घासून, बी रात्रभर पाण्यात भिजवून मग पेरावे. रोप लहान पिशवीत फार दिवस ठेवू नये. मुळे गोल गुंडाळतात आणि असे झाड पुढे वादळात पडते. रोपे वेळीच मोठ्या पिशवीत बदलावीत.

शेतकरी बंधूंनो, शेजारी भराव सुरू होण्यापूर्वी नाला कोणत्या बाजूने वाहतो व पाणी कोठे थांबते हे मालकास व रचनाकारास स्वतःहून सांगा. जुना नाला बुजला तर ते पाणी आपल्याच खाचरात येते. झाडे जगतील आणि उरलेली शेतीही वाचेल.