गरम पाइपचा सपोर्ट: किलोच्या भावाने कोटेशन देऊ नका



तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, किंवा टाकायचा विचार आहे. गेट, ग्रिल आणि शेडच्या कामात आता मजुरी सुटणंही कठीण झालंय. मग नजर जाते कारखान्यांकडे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच बघा ना. पोफळीला साखर कारखाना आहे, मुकुटबनला २०२२ मध्ये सुरू झालेला सिमेंट कारखाना आहे, लोहारा एमआयडीसीत कापड उद्योग आहे. जिथे बॉयलर, तिथे वाफेच्या लाइनी. आणि लाइन आली की तिला सपोर्ट लागतोच.

सपोर्ट दिसायला सोपा असतो: प्लेट, क्लॅम्प, चार बोल्ट. म्हणून आपण वजन काढतो आणि किलोवर भाव सांगून मोकळे होतो. इथेच फसगत होते.

नेमकं काय बिघडतं?

समजा, तुम्ही पाइप आणि क्लॅम्पच्या मध्ये रॉकवूल भरलं. रॉकवूल उष्णता छान अडवतं, पण वजन पेलत नाही. काही दिवसांत ते दबतं आणि पाइप खाली बसतो. लाइनचा उतार बिघडला की वाफेचं पाणी तिथे साचतं. मग वाफ त्या पाण्याला जोरात ढकलते आणि वॉटर हॅमर होतो. त्यात फ्लँज फुटू शकतो, माणूस भाजू शकतो. तुमचं बिल अडकतं ते वेगळंच.

बरं, मग लोखंडी सपोर्ट थेट पाइपला टेकवला तर? उष्णता सरळ खाली उतरते. वाफ वाया जाते, सपोर्ट तापतो आणि हात लागला की चटका बसतो.

भाव सांगण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. तापमान किती? वीज बनवणाऱ्या साखर कारखान्यात वाफ ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. पीयूएफचे ब्लॉक थंड लाइनसाठी असतात, इथे ते जळतील. गरम लाइनला जास्त घनतेचा, भार पेलणारा कॅल्शियम सिलिकेट ब्लॉक घ्या. तो साधारण ६५० अंशांपर्यंत चालतो, पण अंतिम आकडा उत्पादकाच्या डेटा शीटवरूनच घ्या.

२. वजन किती? १५० एमएमचा शेड्यूल ४० पाइप मीटरला सुमारे २८ किलो भरतो. टेस्टिंगला पाणी भरलं की तोच ४७ किलो होतो. सपोर्ट ५ मीटरवर असतील, तर एकेकावर २३५ किलो येतात. वरून इन्सुलेशन आणि क्लॅडिंग. म्हणजे हिशोब रिकाम्या पाइपवर नाही, भरलेल्या पाइपवर करायचा.

३. पाइप किती सरकेल? २० मीटरचा लोखंडी पाइप ३० वरून ३८० अंशांवर गेला की साधारण ९ सेंटिमीटर वाढतो. शू तेवढा लांब हवा, नाहीतर बीमवरून उतरेल. खाली टेफ्लॉनची सरकपट्टी लावणार असाल, तर तिथलं तापमान २०० अंशांच्या आतच राहायला हवं. त्याहून गरम जागी ग्रॅफाइटचा विचार होतो.

४. लाइन आयबीआरमध्ये येते का? येत असेल तर त्या पाइपवर मनाने एक टाकाही वेल्ड करायचा नाही. तिथे मंजूर ड्रॉइंग आणि प्रमाणित वेल्डर लागतो. म्हणून जमेल तिथे क्लॅम्पचाच सपोर्ट सुचवा. पाइप स्टेनलेसचा असेल, तर इन्सुलेशनमधल्या क्लोराइडचं प्रमाण तपासा. ओल आली की त्यानेच तडे जातात.

कोटेशन कसं द्यायचं?

ही चारही उत्तरं कोटेशनवर लिहा: तापमान, भार, सरक, ब्लॉकचं मटेरियल आणि त्याचं टेस्ट सर्टिफिकेट. भाव नगावर द्या, किलोवर नको. सुरुवातीला ब्लॉक स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. तो तयार विकत घ्या आणि लोखंडी काम आपलं ठेवा. सपोर्ट कुठे आणि कोणता बसवायचा, हे कारखान्याच्या पाइपिंग इंजिनिअरला ठरवू द्या आणि ड्रॉइंगवर त्यांची सही घ्या. आपण डिझाइनर नाही हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

कुणीतरी तुमच्यापेक्षा स्वस्त भाव देईलच, देऊ द्या. तुमच्या कागदावर ही उत्तरं आहेत आणि त्याच्या कागदावर फक्त वजन, हे स्टोअरवाल्याला नाही तरी मेंटेनन्सवाल्या साहेबांना नक्की कळतं.

या आठवड्याचा गृहपाठ: एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाची भेट मागा आणि फक्त हे चार प्रश्न विचारून या. ऑर्डर त्यानंतर मागू.